वर्तमानपत्रांचा भडकपणा व जोसेफ पुलित्झर

वर्तमानपत्रें बिघडलीं, त्यांत खऱ्यापेक्षां खोट्याचा आणि कामाच्या मजकुरापेक्षां करमणुकीचा भरणा फार झाला, असें गाऱ्हाणें हल्लीं ज्याच्या त्याच्या तोंडीं ऐकूं येतें. पेढीवर बसणारा व्यापारी म्हणतो कीं, बाजारभाव एका ओळींत व खून दोन रकाने. शिक्षक म्हणतो कीं, मुलांच्या हातीं पत्र देण्याची सोय राहिली नाहीं. आणि बातमी कागदावांचूनही क्षणार्धांत घरोघर पोंचूं लागल्यापासून तर ही तक्रार दुणावली आहे. तक्रार खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या पोटांत दोन समजुती दडलेल्या असतात, त्या मात्र तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, पूर्वीचीं पत्रें सोंवळीं होतीं व सगळा भ्रष्टाकार आमच्याच काळीं माजला; दुसरी ही कीं, ह्या रोगास सरकारी कायद्याचा बडगा हेंच काय तें औषध. ह्या दोन्ही समजुतींची परीक्षा करण्यास एका गृहस्थाच्या चरित्राइतकें चांगलें साधन क्वचितच सांपडेल. ज्याच्या नांवाचें पारितोषिक मिळावें म्हणून अमेरिकेंतील उत्तमोत्तम पत्रकार आज जन्मभर धडपडतात, त्याच्याच पत्राच्या अंगणांत 'पिवळीं पत्रें' ह्या शिवीचा जन्म झाला. त्या गृहस्थाचें नांव जोसेफ पुलित्झर.

पुलित्झरचा जन्म १० एप्रिल १८४७ रोजीं हंगेरी देशांतील माको ह्या गांवीं झाला. कुटुंब यहुदी असून बाप धान्याचा व्यापारी होता. मुलगा अकरा वर्षांचा असतांना तो वारला व घरची स्थिति उतरली. पुढें ह्या मुलास फौजेंत शिरण्याची उत्कट इच्छा झाली. परंतु डोळे अधू व अंगकाठी किडकिडीत, म्हणून युरोपांतील फौजांनीं त्यास परत लाविलें. त्या वेळीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध चाललें होतें आणि उत्तरेकडील फौजेस माणसांची इतकी टंचाई होती कीं, तिचे भरती करणारे दलाल युरोपांतील बंदरांतून हिंडत. हँबुर्ग येथें अशा एका दलालाच्या हातीं हा पोरगा लागला व १८६४ सालीं अमेरिकेंत उतरला. न्यूयॉर्कच्या एका घोडदळाच्या पलटणींत त्यानें युद्ध संपेपर्यंत कांहीं महिने काढले. त्या पलटणींत भरणा जर्मन लोकांचा असल्यामुळें तेथें त्याच्या इंग्रजींत फारशी भर पडली नाहीं. युद्ध संपतांच हातीं पैसा नाहीं, ओळख नाहीं, भाषा येत नाहीं, अशा स्थितींत तो मिसूरी संस्थानांतील सेंट लुई शहरीं आला.

तेथें त्यानें खेचरें सांभाळलीं, खाणावळींत वाढप्याचें काम केलें, मिळेल ती मजुरी केली; आणि उरलेला वेळ व्यापाऱ्यांनीं चालविलेल्या एका मोठ्या ग्रंथालयांत बसून इंग्रजी व कायदा शिकण्यांत घालविला. त्या ग्रंथालयांत बुद्धिबळांचा डाव चालत असे. डाव पाहतां पाहतां खेळणाऱ्यांशीं ओळख झाली, ते निघाले शहरांतील 'वेस्टलिशे पोस्ट' नांवाच्या जर्मन दैनिकाचे चालक, आणि १८६८ सालीं त्यांनीं त्यास बातमीदार नेमलें. आमच्याकडे ग्रंथालयास देणगी मागावयास गेलें म्हणजे त्यापासून उत्पन्न काय, असा प्रश्न कांहीं सावकार मंडळी विचारतात. सेंट लुईच्या व्यापाऱ्यांनीं हा प्रश्न विचारला असता तर एका परदेशी पोराला बसावयास बांकही मिळालें नसतें.

पुलित्झर कामाला वाघ होता. पहांटेपर्यंत जागून, कचेऱ्या व सभा धुंडाळून तो बातम्या आणी. दुसरे बातमीदार प्रथम त्याच्या लांब नाकाची व मोडक्या इंग्रजीची थट्टा करीत. पुढें थट्टा संपून धास्ती उरली. वर्षभरांतच, वयाची कायदेशीर मर्यादा पुरी व्हावयाची असतांही, तो मिसूरीच्या कायदेमंडळांत निवडून गेला. मनुष्य मात्र अत्यंत तापट. १८७० सालीं एका कंत्राटदाराशीं बाचाबाची होऊन ह्यानें त्याच्या पायांत गोळी घातली व दंड भरून सुटका करून घेतली. पुढें वकिलीची सनदही त्यानें मिळविली, पण ती फारशी चालविली नाहीं. आमच्या धंद्याचें त्यांत नुकसान झालें कीं बचाव झाला, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

डिसेंबर १८७८ मध्यें सेंट लुई येथें 'डिस्पॅच' नांवाचें दिवाळखोर पत्र लिलावांत निघालें. पुलित्झरनें तें अडीच हजार डॉलरांस घेतलें, वर त्यावरचें कर्ज पत्करलें, व दुसऱ्या एका पत्राशीं त्याची सांगड घालून 'पोस्ट-डिस्पॅच' हें संध्याकाळचें दैनिक सुरू केलें. ह्या पत्रानें आरंभींच जी गोष्ट केली ती आमच्या व्यापारी वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. शहरांतील मोठमोठ्या धनिकांनीं कर आकारणीसाठीं आपली मिळकत किती म्हणून लिहून दिली, तें सरकारी कागदांवरून उतरून घेऊन त्यानें नांवनिशीवार छापलें. ज्यांच्या वाड्यांपुढें गाड्याघोड्यांची रीघ लागे, त्यांनीं कागदोपत्रीं आपणांस जवळ जवळ कफल्लक ठरविलें होतें. आणि छोट्या दुकानदारानें मात्र खरा आंकडा लिहून पुरा कर भरला होता. त्यांत एक शब्द पदरचा नव्हता. सरकारी आंकड्याशेजारीं सरकारी आंकडा, एवढेंच. पण त्या दोन आंकड्यांनीं शहरांत जी खळबळ उडाली ती शंभर अग्रलेखांनीं उडाली नसती. खळबळ हा शब्द उच्चारला कीं नाक मुरडणाऱ्यांनीं हें उदाहरण पुनःपुन्हा आठवावें.

ह्याच पत्राची दुसरी बाजूही लपवून चालणार नाहीं. खून, घटस्फोट, प्रतिष्ठितांचीं लफडीं, ह्यांचाही त्यांत सुकाळ असे, व वैयक्तिक निंदेस हात आंखडता नसे. त्याचें फळ ऑक्टोबर १८८२ मध्यें मिळालें. पत्रांतील टीकेनें चिडलेला स्लेबॅक नांवाचा एक वकील तावातावानें कचेरींत शिरला, आणि पुलित्झरचा मुख्य सहकारी कॉकरिल ह्यानें त्यास तेथेंच गोळी घालून ठार केलें. आत्मसंरक्षणाचा जबाब ग्रँड जूरीनें मानला व खटला उभाच राहिला नाहीं. पण शहरानें मानला नाहीं. वर्गणीदार गळाले, जाहिराती गळाल्या, आणि पुलित्झरला सेंट लुई नकोसें झालें.

मे १८८३ मध्यें त्यानें न्यूयॉर्कचें 'वर्ल्ड' हें पत्र जे गूल्ड नांवाच्या प्रसिद्ध आगगाडी-धनिकापासून ३,४६,००० डॉलरांस विकत घेतलें. पत्र तोट्यांत होतें. खप सुमारें पंधरा हजार. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित पत्रांचीं तीं दाट छापलेलीं, चित्रांवांचूनचीं पानें पदवीधर व पेढीवाले ह्यांच्यासाठीं होतीं. पण त्याच शहरांत जहाजामागून जहाज भरून आयरिश, जर्मन, इटालियन, यहुदी मजूर उतरत होते. त्यांस इंग्रजी अर्धवट येई. आणि त्यांच्याविषयीं कोणी लिहीत नसे, त्यांच्यासाठीं तर नाहींच नाहीं. पुलित्झर स्वतः त्यांतलाच एक होता. त्यानें वाक्यें आंखूड केलीं, मथळे मोठे केले, पानांत चित्रें घातलीं, पत्र दोन सेंटांस ठेविलें, आणि पहिल्या पानावर आगी, अपघात व खून आणले. १८८४ च्या सप्टेंबरांत खप एक लाखावर गेला, तेव्हां त्यानें शहरांत तोफांच्या शंभर फैरी झाडविल्या. १८८७ सालीं तो अडीच लाखांपर्यंत पोंचला. जुन्या पत्रांस निमूटपणें आपल्या किंमती उतरवाव्या लागल्या.

त्याचा कोटिक्रम असा होता कीं, वाचकच नसेल तर उत्तम अग्रलेखाचा उपयोग काय? मनुष्य खुनाच्या बातमीसाठीं पत्र घेवो. एकदां घेतलें म्हणजे आंतील पानावरची कराची, मक्तेदारीची, मजुरांच्या खुराड्यांची चर्चा त्याच्या दृष्टीस पडेलच. ह्या म्हणण्यांत तथ्यांश नव्हता असें नाहीं. फ्रान्सच्या लोकांनीं अमेरिकेस स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा भेट दिला, परंतु तो उभा करण्यास लागणाऱ्या चौथऱ्यासाठीं श्रीमंत न्यूयॉर्कांत पैसा जमेना. १८८५ च्या मार्चांत 'वर्ल्ड' पत्रानें हें काम हातीं घेतलें व देणगी कितीही अल्प असो, देणाऱ्याचें नांव छापूं, असें जाहीर केलें. पांच महिन्यांत एक लाखावर डॉलर जमले, व तेही एक लाखावर लोकांकडून. बहुतेकांची देणगी डॉलरभरही नव्हती. ज्या मोलकरणीचें नांव कोणत्याही कागदावर कधीं आलें नसेल, तें राष्ट्राच्या स्मारकाच्या यादींत आलें. ह्यांत पत्राचा खप वाढला हें खरें. पण चौथराही उभा राहिला, आणि आजही न्यूयॉर्कच्या बंदरांत शिरणारास तो दिसतो.

दुसरें उदाहरण १८८७ सालचें. नेली ब्लाय ह्या टोपण नांवानें लिहिणारी एक तरुण स्त्री 'वर्ल्ड'च्या कचेरींत नोकरी मागण्यास आली. तिला काम देण्यांत आलें तें असें कीं, वेडाचें सोंग घेऊन ब्लॅकवेल्स आयलंड येथील स्त्रियांच्या वेड्यांच्या इस्पितळांत शिरावयाचें व तेथें काय चालतें तें पाहून लिहावयाचें. ती दहा दिवस आंत राहिली. नासकें अन्न, बर्फासारख्या पाण्याचें स्नान, दाईंची मारहाण, आणि शहाण्या असूनही केवळ इंग्रजी बोलतां येत नाहीं म्हणून डांबलेल्या परदेशी बाया, हें सर्व तिनें उजेडांत आणलें. ग्रँड जूरी चौकशीस गेली व शहरानें ह्या खात्याची मंजुरी वाढविली. सोंग घेऊन बातमी काढणें हें नीतीस धरून आहे कीं नाहीं, असा वाद सुशिक्षितांत होतो. आम्हांस विचाराल तर, ज्या दारास आंतून कडी आहे व बाहेर सरकारी पहारा आहे, तें दार उघडण्यास कोणती सभ्य रीत उरली होती, तें वादी मंडळींनीं प्रथम सांगावें. न्यायासनापुढें ओरडून बोलणारा साक्षीदार आणि खोटें बोलणारा साक्षीदार हे दोन निराळे असतात. पहिल्यास न्यायाधीश आवाज उतरावयास सांगतो. दुसऱ्यावर खटला भरतो. पहिल्या बारा वर्षांतील 'वर्ल्ड' हा बहुतांशीं पहिल्या जातीचा साक्षीदार होता.

वैभव शिखरास पोंचत असतांच पुलित्झरचें शरीर ढासळलें. चाळिशींतच त्याची दृष्टि जवळ जवळ गेली, व कानांस इतका हळवेपणा आला कीं कागद चुरगळल्याच्या आवाजानेंही तो अस्वस्थ होई. १८९० सालीं 'वर्ल्ड'ची नवी इमारत, त्या शहरांत सर्वांत उंच अशी, उभी राहिली. पण तिच्यांतून दिसणारा देखावा तिच्या धन्यास दिसत नव्हता. त्या वर्षापासून त्यानें कचेरी सोडली ती कायमची. पुढील एकवीस वर्षें हा मनुष्य आवाज न शिरणाऱ्या खोल्यांतून, आणि अखेरीस स्वतःच्या गलबतावर, चिटणिसांकडून रोजचें पत्र शब्दशः वाचून घेत व तारांचा भडिमार करीत पत्र चालवीत होता. बार हार्बर येथील घरीं त्याच्यासाठीं बांधलेल्या दगडी बुरुजास लोक 'शांततेचा मनोरा' म्हणत. मुंबईकर वाचकांस त्या नांवाचा अर्थ वेगळा वाटेल, पण तो अगदींच गैरलागू नव्हता.

अशा स्थितींत १८९५ सालीं विल्यम रँडॉल्फ हर्स्ट न्यूयॉर्कांत आला. बापाच्या खाणींचा अगणित पैसा हातीं, वय बत्तीस, आणि 'वर्ल्ड'च्या युक्त्या तोंडपाठ. त्यानें 'जर्नल' नांवाचें पत्र घेतलें. हें पत्र मूळ काढलें होतें तें पुलित्झरच्याच धाकट्या भावानें! हर्स्टनें किंमत एक सेंट ठेविली आणि १८९६ च्या आरंभीं 'वर्ल्ड'च्या रविवारच्या अंकाची सगळी मंडळी जास्त पगार देऊन पळविली. पुलित्झरनें त्यांस पगार वाढवून परत आणलें; दुसऱ्या दिवशीं हर्स्टनें त्याहून वाढवून पुन्हा नेलें. ह्या मंडळींच्या मागोमाग औटकॉल्ट नांवाचा चित्रकारही गेला. तो 'वर्ल्ड'मध्यें पिवळा झगा घातलेल्या एका टकल्या पोराचीं गमतीचीं चित्रें काढीत असे व तीं लोकांस फार आवडत. पुलित्झरनें दुसरा चित्रकार लावून तोच पोर आपल्या पत्रांत चालू ठेविला. एकच पिवळा पोर दोन पत्रांत नाचूं लागला. त्यावरून १८९७ सालीं न्यूयॉर्कच्याच एका दुसऱ्या संपादकानें ह्या दोन्ही पत्रांस पिवळीं पत्रें म्हटलें, आणि तो डाग शतकभर पुसला गेला नाहीं.

येथपर्यंत झाली ती दुकानदारांची चढाओढ. पण माल होता बातमी, आणि बातमीचा माल खोटा निघाला तर गिऱ्हाईक तो परत आणीत नाहीं. तो त्यावर विश्वास ठेवून चालतो. क्यूबा बेटांत स्पेनविरुद्ध बंड चाललें होतें. स्पॅनिश अधिकाऱ्यांनीं गांवकऱ्यांना छावण्यांत कोंडलें व तेथें लोक किड्यामुंग्यांसारखे मेले, ही गोष्ट खरीच होती. तेवढीच सांगितली असती तरी मनुष्यमात्राच्या अंगावर कांटा आला असता. परंतु खऱ्यांत खोट्याची भर पडूं लागली. न झालेल्या लढाया, न पाहिलेले अत्याचार, हवानाच्या हॉटेलांत बसून रंगविलेलीं रणांगणें, असा मजकूर रोज येऊं लागला. १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं अमेरिकेची 'मेन' ही लढाऊ आगबोट हवाना बंदरांत स्फोट होऊन बुडाली व दोनशें साठांवर खलाशी मेले. स्फोट कशानें झाला हें कोणासच ठाऊक नव्हतें. हर्स्टनें दोषी शोधून देणारास ५०,००० डॉलरांचें बक्षीस लाविलें व शत्रूचें कृत्य म्हणून ठरवूनही टाकलें. 'वर्ल्ड'नें आधीं थोडी शंकेची भाषा ठेविली, पाणबुडेही पाठविले; पण त्यांस परवानगी मिळाली नाहीं, आणि मथळे मात्र दिवसेंदिवस 'जर्नल'च्या मापाचे झाले. एप्रिलांत युद्ध सुरू झालें. ऐन भरांत दोन्ही पत्रांचा खप दहा लाखांच्या घरांत गेला. पुढें १९७६ सालीं अमेरिकन आरमारांतील ॲडमिरल रिकोव्हर ह्यांनीं तज्ज्ञांकडून तपास करविला; त्याचा निष्कर्ष असा कीं, बोटींतील कोळशाच्या कोठारास आंतूनच आग लागून दारूगोळा पेटला असण्याचा संभव अधिक. केवळ ह्या दोन पत्रांनीं युद्ध पेटविलें असें म्हणणें त्यांच्या सामर्थ्याचा फाजील गौरव होईल. राजकारणी व व्यापारी हेतु त्यापूर्वींच जमून आले होते. परंतु ज्या घटकेस राष्ट्रानें थांबून विचार करावयाचा, त्याच घटकेस त्यास विचार करूं न देण्याचें काम त्यांनीं केलें, हा दोष लहान नाहीं.

ह्या काळांतील एक गोष्ट हंसण्यासारखी आहे. 'वर्ल्ड' आपल्या बातम्या चोरतें असा हर्स्टच्या माणसांस संशय होता. त्यांनीं रेफ्लिपे डब्ल्यू. थेनुझ नांवाचा एक ऑस्ट्रियन तोफखाना अधिकारी मनानेंच निर्माण केला व तो क्यूबांत जखमी होऊन मेल्याची बातमी छापली. 'वर्ल्ड'नें ती थोडी सजवून आपली म्हणून दिली. तेव्हां 'जर्नल'नें उलगडा केला कीं, त्या नांवाचा आरंभीचा भाग उलटा वाचावा व शेवटचा नुसता उच्चारावा, म्हणजे आम्ही बातम्या चोरतों अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य तयार होतें. ज्या धन्यानें आपल्या कचेरीच्या भिंतींवर अचूकपणाच्या पाट्या लावविल्या होत्या, त्याच्या कचेरींत हें घडलें.

पैशाच्या दृष्टीनें तरी ह्या खेळांत काय साधलें? युद्धांतील तारांचा व जादा अंकांचा खर्च मिळकत खाऊन गेला. तो भरून काढण्यास दोन्ही पत्रांनीं पत्रें विकणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांस शंभर प्रती पन्नास सेंटांऐवजीं साठ सेंटांस देण्यास आरंभ केला, आणि युद्ध संपल्यावरही हा वाढीव दर कायम ठेविला. जुलै १८९९ मध्यें त्या पोरांनीं संप केला. दहा-बारा वर्षांचीं पोरें पुलांवर उभीं राहून 'वर्ल्ड' व 'जर्नल' विकूं देईनात. दोन आठवड्यांनीं तडजोड झाली. दर तोच राहिला, पण न विकलेल्या प्रती परत घेण्याचें कबूल करावें लागलें. एके काळीं सेंट लुईच्या रस्त्यांत उपाशी हिंडलेला मनुष्य ह्या तंट्यांत कोणत्या बाजूस उभा होता, हें आम्हीं निराळें सांगावयास नको. उलट त्याच सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स' हें बुडत आलेलें पत्र ऑक्स नांवाच्या गृहस्थानें चालवावयास घेतलें होतें. त्यानें चित्रें नाहींत, अंगविक्षेप नाहीं, असा साधा व खात्रीचा मजकूर ठेवून १८९८ च्या ऑक्टोबरांत किंमत तेवढी एक सेंटावर आणली. वर्षभरांत खप पंचवीस हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेला. लोकांस भडकच आवडतें, आम्ही काय करावें, असें म्हणणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं हा हिशेब आपल्या कीर्दखतावणीशेजारीं ठेवावा.

नव्या शतकाच्या आरंभीं पुलित्झरनें पत्राचा रोंख बदलला. पिवळा पोर गेला, मथळे उतरले, खोट्याची झडती सुरू झाली. १९०५ सालीं विम्याच्या मोठ्या कंपन्यांतील अफरातफरीवर 'वर्ल्ड'नें जी मोहीम चालविली तीमुळें संस्थानी चौकशी होऊन कायदे बदलले. हा पश्चात्ताप होता काय? आमच्या मतें ती गोष्ट इतकी सोपी नाहीं. पत्रकारांसाठीं विद्यापीठांत शाळा काढावी, ही योजना त्यानें कोलंबिया विद्यापीठापुढें प्रथम मांडली ती १८९२ सालीं, म्हणजे हर्स्ट येण्याच्या तीन वर्षें आधीं. विद्यापीठानें ती नाकारली. योग्य काय हें त्यास पतनापूर्वींही ठाऊक होतें. तरीही शेजारचें दुकान गजबजलेलें पाहून त्यानें आपलें माप बदललें. १९०३ सालीं वीस लक्ष डॉलरांच्या देणगीचा करार झाला, व पुढील वर्षीं त्यानें मोठा लेख लिहून ह्या शाळेंत काय शिकवावें तें सांगितलें. कायदा, नीति, इतिहास, अर्थशास्त्र, आंकडेशास्त्र, भाषा हे विषय त्यांत होते. जाहिराती मिळविण्याचें व खप वाढविण्याचें शिक्षण मात्र त्यानें मुद्दाम वगळलें. ह्या विद्येंत त्याच्याहून निष्णात मनुष्य त्या देशांत क्वचितच असेल, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वगळण्याचें वजन कळतें.

आतां दुसऱ्या समजुतीकडे, म्हणजे कायद्याच्या बडग्याकडे वळूं. १९०८ च्या ऑक्टोबरांत 'वर्ल्ड'नें असें प्रसिद्ध केलें कीं, पनामाच्या कालव्याचे हक्क घेण्यासाठीं सरकारनें फ्रेंच कंपनीस जे चार कोटि डॉलर दिले, त्यांतील वांटा अमेरिकेंतील कांहीं सट्टेबाजांनीं लाटल्याचा संशय असून त्यांत अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या मेहुण्याचें व भावी अध्यक्ष टॅफ्ट ह्यांच्या भावाचें नांव घेतलें जातें. आरोप सिद्ध झालेला नव्हता व पुढेंही झाला नाहीं; आणि आधीं छापून मग पॅरिस व पनामा येथें पुरावा शोधण्यास माणसें पाठविणें, ही रीत वकिलाच्या दृष्टीनें उलटीच होय. पण रूझवेल्ट ह्यांनीं केलें तें त्याहून अधिक धोक्याचें. १५ डिसेंबर १९०८ रोजीं त्यांनीं कायदेमंडळास खास संदेश पाठवून, ही एका गृहस्थाची बेअब्रू नसून राष्ट्राच्या सरकारची बेअब्रू आहे, तेव्हां सरकारनेंच पुलित्झरवर फिर्याद करावी, असा पवित्रा घेतला. वास्तविक तेथें बेअब्रूचा गुन्हा हा ज्या त्या संस्थानाच्या कायद्याचा विषय. ती अडचण टाळण्यासाठीं सरकारी वकिलांनीं अशी शक्कल काढली कीं, पत्राच्या कांहीं प्रती वेस्ट पॉइंट येथील लष्करी ठाण्यांत व न्यूयॉर्कच्या पोस्टाच्या इमारतींत गेल्या. त्या जागा मध्यवर्ती सरकारच्या. सबब गुन्हा मध्यवर्ती सरकारच्या हद्दींत घडला! हा न्याय मान्य झाला असता तर ज्या ज्या गांवीं पोस्ट आहे त्या त्या गांवीं संपादकास ओढतां आलें असतें. १९१० च्या जानेवारींत जिल्हा न्यायाधीशानें हा आरोप काढून टाकला, व ३ जानेवारी १९११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो निर्णय कायम केला. न्यायालयानें बातमी खरी कीं खोटी हें मुळींच ठरविलें नाहीं; संस्थानचा कायदा ह्या गुन्ह्यास पुरेसा असतां मध्यवर्ती सरकारनें त्यांत पडण्याचें कारण नाहीं, एवढेंच ठरविलें. तेवढेंच पुरेसें होतें.

त्याच १९०८ सालच्या जुलैंत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला व जूरीच्या सातांनीं दोघांविरुद्ध दिलेल्या मतावरून त्यांस सहा वर्षें मंडालेस धाडण्यांत आलें, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. त्यांच्या लेखांत ना खुनाचें चित्र होतें ना लफड्याचें. दोन वर्षांनीं, १९१० सालीं, प्रेस ॲक्ट आला व छापखान्यांपासून जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस मिळाला. त्याचा जाच कोणास झाला? बाजारी गप्पा छापणारांस नव्हे. सरकारच्या हातांतील बडगा भडकपणाचें माप पाहून पडत नाहीं. तो टीकेचें माप पाहून पडतो. वर्तमानपत्रांस लगाम घाला म्हणणाऱ्या सद्हेतूच्या मंडळींस आमची एवढीच विनंती आहे कीं, लगाम कोणाच्या हातीं राहील ह्याचा विचार आधीं करावा.

न्यायालयाच्या निकालानंतर दहा महिन्यांनीं, २९ ऑक्टोबर १९११ रोजीं, दक्षिण कॅरोलिनांतील चार्ल्सटन बंदरांत आपल्या गलबतावर पुलित्झर वारला. पुढील वर्षीं कोलंबियाची शाळा उघडली. मिसूरी विद्यापीठानें तशी शाळा १९०८ सालींच काढून त्यावर मात केली होती. त्याच्या नांवाचीं पारितोषिकें १९१७ पासून दिलीं जातात. त्याच्या मुलानें १९१३ सालीं 'वर्ल्ड'च्या कचेरींत वाचकांच्या तक्रारी तपासण्यासाठीं अचूकपणाचें एक स्वतंत्र खातें काढलें. त्या खात्याच्या मुख्यास जुने अंक चाळतांना असें आढळलें कीं, जहाज फुटल्याची बातमी आली कीं त्यांत जहाजावरचें मांजर हटकून वांचलेलें असतें. विचारपूस करतां एका बातमीदारानें सांगितलें तें असें: एकदां खरोखरच मांजर वांचलें होतें व एकानें तें लिहिलें, ज्यांनीं लिहिलें नाहीं त्यांस वरिष्ठांनीं झापलें, तेव्हांपासून प्रत्येक बुडत्या जहाजावर मांजर ठेवण्याची खबरदारी सर्वजण घेऊं लागले.

'वर्ल्ड' पत्र कोणत्याही परिस्थितींत विकूं नये, असें पुलित्झरनें मृत्युपत्रांत स्पष्ट लिहून ठेविलें होतें. १९३१ सालीं तोटा वाढला तेव्हां मुलांनीं न्यायालयांत धांव घेतली, व पत्राबरोबर सगळी इस्टेट बुडावी असा मयताचा हेतु नसावा, असा अर्थ लावून न्यायालयानें विक्रीस परवानगी दिली. कचेरींतील नोकरांनीं आपसांत वर्गणी करून पत्र विकत घेण्याची खटपट केली, ती जमली नाहीं. २७ फेब्रुवारी १९३१ चा अंक शेवटचा निघाला. ती उंच इमारतही पुढें १९५५ सालीं पाडली. सेंट लुईचें 'पोस्ट-डिस्पॅच' मात्र, जें त्यानें लिलावांत अडीच हजारांस घेतलें होतें व ज्याचा कारभार त्याच्या मृत्युपत्रांत सर्वांत कमी वांटा मिळालेल्या मुलानें पाहिला, तें अद्यापि निघतें.